चाचांचा डूख

चाचा कुणालाही माफ करत नसत. अकोल्यात आमच्या कारच्या शोरूमच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हवेचा पंप सगळ्यांसाठी बाहेर, फुकट. पण एकदा कुणी उर्मटपणे बोललं, की पुढे तो माणूस दिसताच चाचा पंप उचलून मांडीवर घेऊन बसत. "हवा अल्लाची हाय," ते म्हणत, "पन पंप माहा हाय."

मी गाड्या विकायचो आणि कामाला सायकलवर यायचो. चाचांना याची भारी मौज वाटे. रोज माझी चेन पुसून देत आणि वर अर्थशास्त्र शिकवत. "सायकलवाला हळू चालते. म्हनून चहा पेते, भाजी घेते, माह्यासारख्यापाशी थांबते. गाडीवाला सुसाट निंगून जाते. मंग सांग, बजार कोन चालवते?"

आमच्या शेठचं मत नेमकं उलटं. दर सोमवारी मीटिंगमध्ये ते सांगत, "एक गाडी विकली की मेकॅनिक, ड्रायव्हर, विमेवाला, सगळ्यांच्या चुली पेटतात. सायकलीनं कुणाची पेटते?" अशाच एका सोमवारी त्यांनी चाचांविरुद्ध तक्रारीचा कागद फिरवला. फाटकाशी अडथळा होतो म्हणे. सगळ्यांनी सह्या केल्या. माझी बढती तोंडावर आली होती, मीही केली.

आठवड्यात दुकान उचललं गेलं. चाचा शेठकडे गेले नाहीत, माझ्याकडे आले. "तुले अडथळा होत होता का रे?"

"चाचा, सगळ्यांनीच सही केली."

"सगळ्याइची चेन म्या नाई पुसली."

शेठवर त्यांनी सूड उगवला तो खासा. समोरच्या बाजूला टिनाखाली बसून, सर्व्हिसिंगला गाडी टाकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ते सायकल देत. "तवरक बजार करून या." कित्येक जणांना पुन्हा गोडी लागली. दुसरी गाडी घ्यायला आलेले तिघे माझ्यादेखत गाडीऐवजी सायकल विकत घेऊन गेले. शेठ चरफडत, आणि मला मनातून बरं वाटे. पण मी रस्ता ओलांडला की चाचा पाठ फिरवत. नऊ वर्षं त्यांनी माझ्याशी शब्द काढला नाही.

या वर्षी ते गेले. जनाजा निघाला तेव्हा कांधा द्यायला मी पुढे झालो. त्यांच्या थोरल्या मुलानं, सलीमनं, माझ्या छातीवर हलकेच हात ठेवला. "भाऊ, सोबत चला. पन कांधा देऊ नोका. अब्बा सांगून गेले."

मी मागून चालत राहिलो. पुढे शेठ कांधा देत होते. त्यांना कुणीच अडवलं नाही.