घोंगड्यांच्या खोलीतून भूगोल

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात ऑनलाइन शिकवण्याची सोय करायचं ठरलं, तेव्हा प्राचार्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं. मी भूगोल शिकवते. माझी पात्रता एवढीच, की स्टाफरूममधला प्रोजेक्टर पहिल्या फटक्यात चालू करणारी मी एकटी होते. "मॅडम, आता सगळं तुम्हीच बघा," म्हणत त्यांनी फाईल माझ्या हातात दिली आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत मला नाही कसं म्हणावं ते सुचलं नाही.

मग दोन महिने मी वायरमनच्या मागे मागे फिरले. रस्त्यावरून फायबरची केबल आली, ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेत वायफायचे डबे बसले, जुने संगणक बदलले. तास रेकॉर्ड करायला खेळाच्या सामानाची खोली मिळाली. तिला चुना लावला, नवा कॅमेरा, नवा माईक आणला. पहिला तास मीच रेकॉर्ड केला, काळ्या मातीवरचा. कोणती साडी नेसायची हे ठरवण्यातच अर्धा तास गेला होता. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी तो पाहिला, छान छान म्हणाले. मी दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीचा फोन आला. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. लग्न होऊन मेंढपाळाच्या घरात गेलेली. दिवाळी झाली की ही मंडळी मेंढरं घेऊन बाहेर पडतात, त्यामुळे मागच्या वर्षी तिची परीक्षा बुडाली होती. यंदा ऑनलाइन तासांसाठी पहिलं नाव तिनंच दिलं होतं.

"मॅडम, राग येऊ देऊ नका," ती म्हणाली, "पण तुमचा आवाज लय घुमायलाय. आमचे मामा म्हणायलेत, बाई आडात पडल्या का काय?"

मामा म्हणजे तिचे सासरे. मेंढरांमागे चालताना तिनं फोनवर माझा तास लावला होता आणि तेही ऐकत होते.

मला लागलं. पण हेडफोन घालून ऐकलं तर तिचं खरं होतं. खोलीच्या भिंती बोडक्या, वर पत्रे. माझा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता. स्टाफरूममधल्या एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर माझ्या साडीकडे बघून कुणी बोललं नव्हतं. भिंतींना लावायचे फोमचे तक्ते यायला महिनाभर लागणार होता. मी पडदे लावून पाहिले. काही फरक पडला नाही. तिला फोन करून तसं सांगितलं.

"जाड कापड पायजे मॅडम. आमी पालावर घोंगडं टाकलं का वाऱ्याचा आवाजबी आत येत न्हाई," ती म्हणाली. मी हसून फोन ठेवला.

त्या आठवड्यात त्यांची मेंढरं पाथरीच्या बाजूला बसली होती. शनिवारी सकाळी ती आणि तिचे सासरे एसटीनं कॉलेजात हजर! वाटेत गावच्या घरी उतरून त्यांनी पेटीतली सहा घोंगडी बांधून आणली होती.

मामा खोलीत गेले, मधोमध उभे राहिले आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली. कान देऊन ऐकलं. "घुमतंय," म्हणाले. मी आणि त्यांच्या सुनेनं मागच्या भिंतीला दोन घोंगडी टांगली. परत टाळी. "अजून हाय. त्या कोपऱ्याला लावा बाई." आणखी दोन. आवाज ऐकून प्राचार्य आले, त्यांनीही एक टाळी वाजवून पाहिली. मग त्यांच्यामागून आलेल्या कारकुनांनी. थोड्या वेळानं आम्ही सगळेच टाळ्या वाजवत होतो आणि कशाला वाजवतोय हे विसरून हसत होतो. उरलेली दोन पत्र्याखाली ताणून बांधली.

मी माईकपुढे बसले, चार वाक्यं बोलले. मामांनी हेडफोन पागोट्यावरूनच कानांना लावला होता. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलला.

"आता वर आल्या बाई!"

"मामा, थंडीत तुम्हाला लागतील ही," मी म्हणाले.

"घरी अजून हायेत," म्हणत ते उठले. "पण बाई, तुमी लय भराभरा बोलता. आमची सून लिहून घेती ना."

तेव्हापासून मी सावकाश बोलू लागले. सुनेनंही एक सूचना केली होती: "तुमचं तोंड दिसलं न्हाई तरी चालतंय, नकाशा तेवढा दिसू द्या. तेवढ्याला नेट कमी लागतंय." म्हणून प्रत्येक तासाची एक हलकी प्रत निघू लागली, नुसता आवाज आणि नकाशे. सगळ्यात जास्त मुलं तीच उतरवून घेतात. साडीचा प्रश्नही मिटला.

जानेवारीत आम्ही पहिला थेट तास घेतला. काळ्या मातीत पाणी कसं टिकतं, असा प्रश्न मी विचारला. एक-दोघांनी पुस्तकातली ओळ वाचून दाखवली. मग शेतातून तिचा आवाज आला, "मॅडम, दाखवू का?" तिनं फोन खाली नेला, ज्वारीच्या धसकटाशेजारचं ढेकूळ उचललं आणि फोडलं. आतून ओल दिसली. कुठल्या रानात मेंढराचा खूर रुततो, कुठं मुरूम लागतो, कुठं गवत उशिरापर्यंत हिरवं राहतं, ती सांगत गेली. मधेच एका मेंढीनं कॅमेऱ्यात तोंड घातलं आणि सगळा वर्ग एकदम बोलू लागला. मुलांनी तिलाच प्रश्न विचारले. मी माझं टिपण बाजूला ठेवलं आणि वही काढून लिहायला बसले.

त्या वर्षी ती पास झाली. निकालाच्या दिवशी तिनं फोन केला, पण बोलणं मामांनीच केलं. किती टक्के ते त्यांना सांगता येईना, मागून सून आकडा सांगत होती. शेवटी ते म्हणाले, "बाई, तिसऱ्या वर्षाचा फारम कवा भरायचा ते सांगा."