खिशांचा पडदा

फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते. शेजारच्या काकू बोलत होत्या. "ताई गेल्या वं... मशीनवरच बसल्या आहेत." मी उरलेले शिक्के मारले, पॅड बंद केलं आणि स्कूटी काढली. कोणाला हा कोरडेपणा वाटेल. पण सुलभाताईंना अर्धवट टाकलेलं काम खपत नसे, आणि इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर आता मलाही खपत नाही.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही. नंदनवनातल्या आमच्या घरात त्या खाली राहायच्या. मी, माझे यजमान प्रमोद आणि मुलगी रूथ वर. मी पोहोचले तेव्हा त्या खुर्चीत ताठ होत्या. पाय पायडलवर, मान जराशी कललेली, सुई कापडात उतरलेली. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेल्या असाव्यात. काकू मात्र अजून एकच सांगतात, "मी दुपारी मशीनचा आवाज ऐकला, म्हणून तर चहा घेऊन गेली." गल्लीत आणखीही मशीनी आहेत, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण तेव्हापासून त्या आमच्या फाटकाच्या आत येत नाहीत.

मशीनवर होता तो खिशांचा पडदा. आम्ही ख्रिस्ती लोक नाताळाआधीचे दिवस आगमनकाळ म्हणून पाळतो. प्रभूची वाट पाहायचे दिवस. हल्ली त्यासाठी दुकानात छापील कॅलेंडरं मिळतात. रोज एक खिडकी उघडायची आणि चॉकलेट खायचं. ताईंना तो पोरखेळ वाटायचा. त्यांनी जाड मांजरपाटावर खिसे शिवले होते, डिसेंबर लागल्यापासून नाताळाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत रोजचा एक. दरवर्षी विरलेले खिसे उसवून त्या नवे लावायच्या. खिशात शास्त्रातल्या वचनाची चिठ्ठी, एक संत्रागोळी आणि गव्हाणीच्या देखाव्यातलं काहीतरी... कापडी मेंढरू, पत्र्याचा तारा, चिमूटभर कडबा. शेवटच्या खिशात बाळ येशू.

आणि खिसे सगळे घरातल्या गेलेल्या माणसांच्या कपड्यांचे. सासूबाईंचं पातळ, सासऱ्यांचा कोट, उमरेडच्या मावशींची हातमागाची साडी. संध्याकाळी प्रार्थनेआधी एकानं खिशात हात घालायचा, ज्याचं कापड त्याचं नाव घ्यायचं. बाकीच्यांनी म्हणायचं, "प्रभूजवळ." मग चिठ्ठी वाचायची. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात माझा हात सासऱ्यांच्या कोटाच्या खिशात गेला. तो आतून उबदार होता. शेजारीच बल्ब जळत होता, त्यामुळे असेल. गोळी मात्र मी खाल्ली नाही.

रूथ बोलायला लागली तेव्हा मी एकदा तोंड उघडलं. "ताई, मेलेल्यांच्या कपड्यांतून पोरीला गोळ्या कशाला?"

"काहून वं? तुले भेव वाटते का?" त्या दातांत दोरा धरून म्हणाल्या. "जिते होते तवा तिच्या बापाले त्यांनीच गोळ्या देल्या ना?"

"पाळकसाहेबांनाही हे आवडत नाही."

"त्यांले सांग, मी कोणाले बोलावून नाही राहिली. आपण प्रभूची वाट पाहून राहिलो, ते बी पाहून राहिले. वाट पाहणारे सारे एका कापडावर. बस." दोरा तोडला आणि विषय संपला. ताईंशी वाद घालणं म्हणजे चालत्या मशीनखाली बोट घालणं.

दफन झालं, पाहुणे परतले. त्यानंतर एका सुट्टीच्या दुपारी मी रूथला घेऊन खाली गेले. रीत अशी, की माणूस ज्या वर्षी जाईल त्याच वर्षी त्याचा खिसा लागतो. म्हणून मी ताईंची जांभळी साडी आणि कात्री घेऊन बसले. पडदा उलगडला... जांभळा खिसा लागलेलाच होता. साडीचा पदर पाहिला. टोकाकडून तुकडा कापून, कड दुमडून, स्वच्छ टीप मारलेली. मी कात्री खाली ठेवली. आजारी माणसाला कळतं, असं मी स्वतःशी म्हटलं. ताई आजारी नव्हत्या, हे नंतर आठवलं.

तेवढ्यात रूथ म्हणाली, "आई, हा शेवटचा खिसा... बाबाचा शर्ट आहे ना हा?"

निळ्या चौकड्या. आत बाळ आधीच ठेवलेलं. बाकी सगळे खिसे रिकामे होते. आमचे कपडे इस्त्रीला बाहेर जातात, म्हणून शर्टाला लागलेली कात्री माझ्या नजरेतून सुटली असावी. वर जाऊन कपाट उघडलं. शर्टाचा मागचा घोळ सरळ कापलेला, टीप मारलेला. प्रमोद तो खोचून खापरखेड्याला ड्युटीवर जात होते.

"मागून आखूड लागे खरा," ते म्हणाले. "मले वाटलं, धुण्यात आटला."

रूथ हसली. मी नाही हसले. ताईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, चिंध्यांच्या गाठोड्यातून चुकून कापड उचललं असेल, असं म्हणायची सोय होती. पण शर्ट चिंध्यांत नव्हता, वरच्या मजल्यावर होता, आणि गुडघे धरल्यापासून ताई जिना चढल्याच नव्हत्या.

मी दुसऱ्या दिवशी प्रमोदना डॉक्टरकडे नेलं. रक्त, छाती, सगळं तपासून घेतलं. "तायडीनं शर्ट कापला, त्याच्यासाठी मले सुया काहून?" ते कुरकुरले. सगळं ठीक निघालं. तरी मी खाली जाऊन तो खिसा उसवायला घेतला. दोनच टाके निघाले असतील, वर त्यांना खोकल्याची ढास लागली. मी हात थांबवला. खोकला थांबला. ते टाके मी परत घातले आणि कोणाला काही बोलले नाही.

डिसेंबर लागला. चिठ्ठ्या मी लिहिल्या, गोळ्या मी आणल्या, पडदा नेहमीच्या खिळ्यावर लावला. ताईंचं नाव आलं त्या संध्याकाळी रूथ रडली, आम्ही दोघांनी "प्रभूजवळ" म्हटलं. माझं सगळं लक्ष शेवटच्या खिशावर होतं. तो मीच उघडायचा, नावाशिवाय, असं मनात ठरवून ठेवलं होतं. पण नाताळाच्या आदल्या संध्याकाळी प्रमोद माझ्या आधी उठले. खिशात हात घातला आणि साध्या आवाजात स्वतःचंच नाव घेतलं.

"प्रमोद."

रूथनं माझ्याकडे पाहिलं. रीतीप्रमाणे उत्तर आम्ही द्यायचं होतं. ते हात आत ठेवून थांबले होते... खरंच थांबले होते.

"इथं आहेत," मी म्हटलं. "काढा बाळ बाहेर. भाजी गार होऊन राहिली."

त्यांनी बाळ गव्हाणीत ठेवलं. आम्ही जेवलो.

नाताळ झाला. प्रमोद बरे आहेत, ड्युटीवर जातात. ऑफिसात फोन वाजला की मी आधी शिक्का खाली ठेवते, एवढा फरक पडला आहे. गेल्या आठवड्यात पडदा उतरवून घडी घालायला घेतला, पण घडी घालवेना. तो खिसा उसवायची माझी हिंमत नाही आणि तसाच पेटीत बंद करायलाही मन होईना. मग मी माझी रोजची मोहरी रंगाची ओढणी काढली आणि एक कोपरा कापला.

"काय करून राहिली वं आई?" रूथनं विचारलं.

"त्या कापडावर तुझे बाबा एकटेच जिवंत आहेत," मी म्हटलं.

तिनं मांजरपाट ताणून धरला. निळ्या चौकड्यांशेजारी तुकडा ठेवून मी ताईंच्या खुर्चीत बसले आणि पायडलवर पाय ठेवला. शिवणात माझा हात वाईट आहे. टीप दर वेळी वाकडी जाते. ही टीप या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली.