आखूड मानेचा मोर

आमच्या सोलापुरात सत्काराला चादर लागते. पुण्याकडे शाल देतात, मुंबईत पुष्पगुच्छावर भागवतात. आमच्याकडे माणसाला बढती मिळो, त्याची पंचाहत्तरी होवो किंवा तो नुसता कार्यक्रमाला वेळेवर येवो, त्याच्या खांद्यावर चादर पडते. एप्रिलच्या भर दुपारी चादर पांघरून, कपाळावरून घामाच्या धारा वाहत असताना हसणारा माणूस दिसला, की त्याचा नुकताच सन्मान झाला आहे असं समजावं आणि त्याला पाणी विचारावं.

शहरात एका संस्थेचं लहानसं वस्तुसंग्रहालय आणि कलादालन आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे अधूनमधून जाते. गारवा असतो आणि गर्दी अजिबात नसते. खालच्या मजल्यावर वीरगळ, नाणी आणि गंजलेल्या तलवारी आहेत. वर कलादालनात निसर्गचित्रं आहेत. जिन्याच्या भिंतीवर देणगीदारांची तैलचित्रं आहेत आणि ती कलादालनातल्या कुठल्याही चित्रापेक्षा मोठी आहेत. गाईगुरं वाचवताना लढून मेलेल्या माणसांच्या दगडांवर एकही नाव नाही; जिन्यात मात्र प्रत्येकाचं नाव आहे, पदव्यांसकट.

संस्थेचे चिटणीस सज्जन गृहस्थ आहेत, पण साधं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. बंद करायची वेळ झाली की ते ‘दालन आता विराम घेत आहे’ असं जाहीर करतात. एकदा मी एकटीच होते, तरी जाहीर केलं होतं. गेल्या वर्षी त्यांनी विणकामाचं दालन काढायचं ठरवलं आणि जुनी हातमागावरची चादर कुणाकडे आहे का, अशी माझ्याकडे विचारणा केली. मी आमच्या समोरच्या अक्कांकडे बोट दाखवलं. पुढचं सगळं त्या बोटामुळे झालं.

अक्कांच्या घरात तेलुगू बोलतात. त्यांचे वडील एका कारखान्यात हातमागावर चादरी विणायचे. त्यांच्या चादरी कुठे कुठे गेल्या असतील, पण प्रत्येकीवर लेबल कारखान्याचं. घरात एकच राहिली, कारण मालकाने ती डॅमेज म्हणून परत केली होती. विणताना माग मधेच अडकला आणि काठाजवळच्या एका मोराची मान आखूड झाली. बाकीचे मोर डौलात उभे आणि हा एक खांद्यात डोकं खुपसून, थंडी वाजल्यासारखा. चांगल्या चादरी विकल्या गेल्या, वापरल्या गेल्या, फाटल्या. बिघडलेली तेवढी वारसा झाली. संग्रहालयातल्या बऱ्याच वस्तूंचं असंच असावं, असा माझा संशय आहे.

चिटणीसांनी चादर पाहिली, मोर पाहिला आणि ‘वैशिष्ट्यपूर्ण नक्षी’ असा शेरा दिला. अक्कांची एकच अट होती.

“चादर देते की. पण खाली माझ्या बापाचं नाव लिवायचं. शेटचं न्हाय, बापाचं. जलमभर विणलं, कुटं नाव न्हाय त्याचं.”

“अवश्य,” चिटणीस म्हणाले. “त्यांच्या नामोल्लेखाशिवाय हे दालनच अपूर्ण राहील.”

उद्घाटनाच्या दिवशी अक्का ठेवणीतली साडी नेसून माझ्याबरोबर आल्या. पहिल्या दोन रांगा मान्यवरांसाठी आणि तिसरी मान्यवरांच्या नातेवाइकांसाठी राखीव होती. चादर देणाऱ्या बाईसाठी कुठलीच रांग राखीव नव्हती, म्हणून आम्ही पाचवीत बसलो. टेबलावर नारळ होता आणि घडी घातलेल्या दोन चादरी होत्या. एक नवी, प्रमुख पाहुण्यांच्या सत्कारासाठी. दुसरी अक्कांची, पाहुण्यांच्या हस्ते काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी. घोटाळा व्हायचं काही कारण नव्हतं. पण कार्यक्रमाला शोभा यावी म्हणून चिटणीसांनी अक्कांची चादर धुऊन, कडक इस्त्री करून आणली होती. जुन्या चादरीचं जुनेपण इतक्या प्रेमाने घालवल्यावर दोन्ही घड्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या.

पाहुणे आले. चिटणीसांनी भाषण करता करता, डोळे सभागृहाकडे ठेवून, हाताला लागली ती चादर उचलली आणि त्यांच्या खांद्यांवर घातली. टाळ्या झाल्या. मग पाहुण्यांनी उरलेली चादर काचेच्या कपाटात ठेवली आणि तिच्याकडे हात करून बोलू लागले. हे नुसतं कापड नाही, या धाग्याधाग्यात त्या काळचा घाम आहे, असं ते म्हणाले. आजच्या यंत्राला हा स्पर्श जमणार नाही, असंही म्हणाले. बोलताना त्यांचा गळा भरून आला. खांद्यावर आखूड मानेचा मोर बसला होता, त्याचाही गळा भरून आला असणार, पण दाखवायला त्याला गळा नव्हता. हे अर्थात मला नंतर सुचलं. त्या वेळी पाचव्या रांगेतून आम्हाला फक्त एक फेटा दिसत होता.

पाहुणे गेले, लोकांचा चहा झाला, मग जेवणं झाली, आणि गर्दी ओसरल्यावर अक्का कपाटापाशी गेल्या. काचेवर दोन्ही हात ठेवून त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

“बाई,” त्या म्हणाल्या, “हे चादर आमचं न्हाय.”

अक्कांच्या मराठीत सगळ्या निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी असतात. मी मराठीची शिक्षिका. पूर्वी मी त्यांना सुधारत असे, आता सोडून दिलं आहे.

“असं कसं होईल?” मी म्हटलं आणि वाकले. घडीच्या कोपऱ्यावर दुकानाचा किमतीचा कागद चिकटलेला होता, आणि त्याच्या शेजारी सुबक पाटीवर अक्कांच्या वडिलांचं नाव.

चिटणीसांना हात धरून आणलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद तिथेच होता.

“हे बघा,” ते हळू आवाजात म्हणाले, “शेवटी वस्तूपेक्षा भाव महत्त्वाचा.”

“भाव लिवलाय की त्याच्यावर,” अक्का म्हणाल्या.

“तसा भाव नव्हे. आणि अक्का, दिलेली चादर पाहुण्यांकडे परत मागायची? ते शोभत नाही. दर्शकांना काय कळणार आहे?”

अक्कांनी पदर खोचला. “दर्शकांना कळू दे, न कळू दे. मशीनचं चादर आणि खाली माझ्या बापाचं नाव? त्याचं चादर आणा, न्हाय तर नाव काढा. आत्ता काढा. बाई, तुमी धरा वो जरा हे दार.”

मी दार धरलं. अशा कामात मी मागे राहत नाही. चिटणीसांनी घाईघाईने पाहुण्यांच्या सहायकाला फोन लावला. सहायकाला मोठ्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे त्याचं बोलणं आम्हा दोघींनाही ऐकू येत होतं.

“चादर? ती कुठली राहते सर गाडीत! साहेबांची पद्धतच आहे, सकाळी जे मिळतं ते दुपारच्या कार्यक्रमात द्यायचं. नारळाचंही तसंच. वळसंगला दिली की आत्ताच, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला. ज्वारीबद्दल.”

आमच्या भागातल्या सत्कारांचं अर्थकारण मला त्या क्षणी उलगडलं. एकच चादर खांदे बदलत गावोगाव फिरत असणार आणि जिथे कुणीतरी थंडीने खरंच कुडकुडतं तिथेच तिचा प्रवास संपत असणार. सोलापुरात अशी जागा सापडणं अवघड.

आम्ही तिघं चिटणीसांच्या गाडीने शहराजवळच्या वळसंग गावी गेलो. कपाटातली नवी चादर अक्कांनी मांडीवर घेतली होती. चिटणीस वाटभर समजावत होते, की विषय आपण नाजूकपणे काढू. अक्का नखाने किमतीचा कागद खरवडत होत्या.

त्या शेतकरी आजोबांचं, गावाच्या अज्जांचं, घर शोधावं लागलं नाही. पारावर लिंबाच्या सावलीत एक उंच म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, त्यांतून घामाचे ओघळ, आणि अंगभर चादर. गुडघ्यापाशी आखूड मानेचा मोर. शेजारी त्यांची सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

“बर्री, कूडरी,” अज्जांनी कानडीत या-बसा केलं.

“दुपारपास्नं काढंनात,” सून आम्हाला म्हणाली. “मामा, उकडतंय की वो, म्हटलं तर म्हणतेत, ऐंशी वर्सांत पयल्यांदा कुणी घातलंय, तू कोण काढणार?”

चिटणीसांचा चेहरा पडला. खांद्यावर घातलेली चादर काढून घ्यायचा विधी कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत नसतो. मी म्हटलं, “काढता येत नसेल, तर वरून दुसरी घालू. मग खालची आपोआप उतरेल.” आपल्याकडे एका माणसाचा पुन्हा सत्कार करायला कुणाची हरकत नसते, सत्कारमूर्तीची तर नसतेच.

दुकानातून नारळ आला. पारावर माणसं जमली. ज्वारीबद्दल म्हणजे नेमका कशाबद्दल सत्कार, हे चिटणीसांना ठाऊक नव्हतं, पण त्यामुळे त्यांचं भाषण कधी अडलेलं नाही. काळी आई, मातीचं ऋण, ज्वारीच्या कणसातलं मोत्याचं तेज, असं करत ते बरेच पुढे गेले. अज्जा डोळे मिटून ऐकत होते. मग अक्कांनी पुढे होऊन नवी चादर उघडली. अज्जांनी ती खांद्यावर पडायच्या आधीच बोटांत धरली, चुरगाळली, आणि नकारार्थी मान हलवली.

“इल्ल. हे हलकं हाय. आदीचं बरं हाय.”

“व्हय,” अक्का म्हणाल्या. “हे हलकंच हाय.”

व्याकरणाबाबत त्या दोघांत काही मतभेद नव्हता आणि कापडाबाबतही नव्हता. चिटणीस घसा खाकरून खुणा करत होते. अक्कांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या सरळ पाराच्या कडेवर बसल्या आणि अज्जांच्या गुडघ्यावरच्या मोरावर बोट ठेवलं.

“अज्जा, हे माझ्या बापानं विणलेलं हाय. सकाळी चुकून त्या सायबाच्या अंगावर घातलं ह्यांनी. त्यानं तुमच्या अंगावर घातलं. हे बगा, ह्या मोराला मान न्हाय. चुकलं व्हतं माझ्या बापाचं. शेटनं तोंडावर फेकलं त्याच्या.”

चिटणीसांनी नाजूकपणे काढायचा विषय असा निघाला. मला धाकधूक होती, कारण अज्जांनी ‘माझं ते माझं’ म्हटलं असतं, तर आम्हाला बोलायला जागा नव्हती. अज्जा वाकून मोराकडे बघत राहिले.

“मान न्हाय व्हय?” ते शेवटी म्हणाले. “मला वाटलं, माज्यासारकं म्हातारं हाय त्ये. पोक आलंय.”

सून तोंडाला पदर लावून हसली. मग पार हसला. अज्जा उठले, चादर अंगावरून उतरवली, पण अक्कांच्या हातात दिली नाही. त्यांनी बोटाने खूण करून अक्कांना उभं केलं आणि ती त्यांच्या खांद्यांवर नीट, दोन्ही बाजू सारख्या करून घातली. वर आमचाच नारळ त्यांच्या हातात ठेवला. “टाळ्या वाजवा की रे,” ते लोकांना म्हणाले, आणि पार टाळ्यांनी दणाणला. मग ते खाली बसले आणि आमची नवी चादर त्यांनी स्वतःच पांघरून घेतली. हलकी असली तरी त्या उकाड्यात ती जास्त सोयीची होती.

परतीच्या वाटेवर चिटणीसांनी हळूच हात पुढे केला. “अक्का, द्या, मी व्यवस्थित घडी घालतो.”

“सत्कारात मिळालंय मला,” अक्का बाहेर बघत म्हणाल्या. “परत मागायचं? शोभतंय का वो ते?”

चिटणीसांनी हात मागे घेतला. मला हसू दाबताना त्रास झाला, एवढंच.

अक्कांनी चादर आठवडाभर घरी ठेवली. चिटणीस रोज संध्याकाळी गल्लीत यायचे, आधी माझ्याकडे चहा घ्यायचे आणि मग समोर बघायचे. त्यांनी पुन्हा एक छोटेखानी हस्तांतरण सोहळा सुचवला, फक्त निवडक मान्यवरांसमोर. अक्का म्हणाल्या, “मान्यवर नको. फेटा नको. नारळ तर नकोच नको. मला कुलूप दाखवा.”

मग एका सकाळी, दालन नुकतंच विरामातून बाहेर आलेलं असताना, आम्ही दोघी गेलो. चिटणीसांनी चादर अशी मांडली होती की आखूड मानेचा मोर आतल्या घडीत जाईल. अक्कांनी ती बाहेर काढली, मोर काचेच्या बाजूला घेतला आणि तळहाताने सपाट केला. चिटणीसांनी कुलूप लावलं. अक्कांनी ते ओढून पाहिलं. मग मला ओढून पाहायला सांगितलं.

वडिलांच्या नावाची पाटी या वेळी चिटणीसांनी नव्याने, खास सुलेखनकाराकडून करून घेतली होती. अक्षरं इतकी वळणदार होती की त्यांत नाव शोधावं लागत होतं. अक्कांनी डोळे बारीक केले, मान वाकडी केली, आणि मग माझा दंड धरला.

“बाई, वाचा की. तेवढंच आलंय ना, बापाचं? शेटचं न्हाय ना कुटं?”

मी वाचलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

“अजून एकदा.”

मी पुन्हा वाचलं. मागून चिटणीस नम्रपणे म्हणाले, की दालनात शांतता राखणं अपेक्षित आहे. दालनात आमच्याशिवाय कुणीही नव्हतं. मी तिसऱ्यांदा वाचलं, आणि या वेळी शाळेत जो शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, त्या आवाजात.