भरिताच्या दिवशी संपणारी मुदत

आमच्या कचेरीत कुणी कुणावर अन्याय करत नाही. सगळे काळजी करतात. मी जळगावला कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले, त्या दिवसापासून माझी इतकी काळजी झाली की माहेरी देवपूरलाही कधी झाली नसेल. आमच्या खात्याचं काम बंधारे, पाट आणि पाटातून शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्या यांचं, म्हणजे पाय चिखलात गेल्याशिवाय न होणारं. पण मला बाहेर पाठवायचं म्हटलं की साहेबांचा जीव वरखाली व्हायचा. "मॅडम, तुम्ही कुठे जाता? रस्ता खराब, तिथे बाईमाणसाची काही सोय नाही. तुम्ही इथे पंख्याखाली बसा आणि अंदाजपत्रकं बघा. तुमचं काम कसं नेटकं असतं!"

मग माझ्यानंतर लागलेली मुलं जीपमध्ये बसून भडगावला, मुक्ताईनगरला पाहणीला जायची आणि संध्याकाळी त्यांनी आणलेली मापं मी नेटकेपणाने मांडायची. येताना ती माझ्यासाठी आठवणीने केळी आणायची. जळगावात राहणाऱ्या बाईला केळी! पण मुलं चांगली होती, त्यांच्यावर राग धरता येत नव्हता.

साहेबांवर येत होता, पण तेही चांगलेच होते. आवाज चढवणं नाही, वाकडं बोलणं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मी त्यांच्या खोलीत जाऊन पाहणीला पाठवायची विनंती करायची, ते मला चहा पाजायचे आणि मी परत पंख्याखाली येऊन बसायची. इतक्या गोड माणसाशी भांडायचं कसं, हे मला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं.

मग एका डिसेंबरात माझ्या गोपनीय अहवालाची प्रत हातात आली. वर्षभराच्या कामाबद्दल साहेब आपल्या हाताखालच्यांविषयी जे लिहितात तो हा अहवाल, आणि बढती ठरते ती त्यावर. हुशारी चांगली, वर्तणूक चांगली, वक्तशीरपणा उत्तम. सगळ्यात खाली शेरा होता, 'क्षेत्रीय कामाची आवड नाही व अनुभव नाही.'

मी तो शेरा दोनदा वाचला आणि माझे कान तापले. अनुभव नाही हे खरंच होतं. पण आवड नाही हे साहेबांना कुणी सांगितलं? जन्मात कधी न वाढलेल्या पदार्थाबद्दल 'हिला आवडत नाही' असं पंगतभर सांगत सुटायचं, तसं झालं हे.

अहवालाबरोबर दोन ओळींचं पत्र होतं. शेरा मान्य नसल्यास एक महिन्याच्या आत निवेदन द्यावं, मुदतीनंतर आलेल्या निवेदनाचा विचार होणार नाही. शेरा तसाच राहिला तर बढतीच्या यादीत माझं नाव मागे पडणार आणि मी केस पांढरे होईपर्यंत त्याच पंख्याखाली बसणार, हे मला उभ्या उभ्या दिसलं. त्याच रविवारी मी निवेदन लिहून काढलं. माझ्यानंतर लागलेल्या पुरुषांना पाहणीला पाठवलं जातं, मी मागूनही मला पाठवलं जात नाही, कारण मी बाई आहे, आणि हा भेदभाव आहे. सबंध दीड पान झालं.

निवेदन साहेबांमार्फतच वर जायचं, आणि साहेबांकडे जाणारा प्रत्येक कागद आधी नानांच्या टेबलावर थांबायचा. नाना म्हणजे आमचे कार्यालय अधीक्षक. निवृत्तीला टेकलेले, आणि लहानमोठ्या सगळ्यांचेच नाना. त्यांनी दीड पान सावकाश वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ताई, बठ्ठं बरोबर आहे, सगळंच्या सगळं," ते म्हणाले. "फक्त तो 'भेदभाव' शब्द जरा टोचतो. त्या जागी 'अतिकाळजी' लिहिता येईल का?"

"नाही येणार, नाना."

"मग निदान या आठवड्यात देऊ नका. साहेबांच्या पुतणीचं लग्न आहे. लग्नघरात असा कागद बरा दिसतो का?"

लग्न झालं. मग साहेबांच्या आईचा गुडघा दुखायला लागला. मग वरून तपासणी येणार अशी बातमी आली, ती आली नाही, पण येईल येईल म्हणत आणखी आठवडा गेला. मी ईमेलने पाठवते म्हटलं तर नाना दुखावलेच. "ईमेलला पोच कोण देणार, ताई? शिक्का नाही, सही नाही. अशी का आपल्याकडे पद्धत आहे?"

हेच नाना मुदतीच्या बाबतीत दुसऱ्यांशी कसे वागायचे ते मी रोज पाहत होते. एका शेतकरी आबांनी पाटाच्या पाण्याबद्दलचा अर्ज एक दिवस उशिरा आणला, तर नानांनी त्यावर लाल शाईत 'मुदतबाह्य' लिहून तो परत केला होता. वर आबांना पाणी पाजलं, खुर्ची दिली, बसच्या वेळा सांगितल्या. अर्ज मात्र घेतला नाही. नानांच्या मनात माझ्याबद्दल काही काळंबेरं होतं असं मला आजही वाटत नाही. कचेरीत भांड्याला भांडं लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते लागू न देण्याचा एकच उपाय त्यांना ठाऊक होता. दिवस जाऊ द्यायचे.

मी आईला फोन लावला. आईचं सगळं आयुष्य धुळ्याजवळच्या खेड्यात शेतीत गेलं, आता ती माझ्या भावाकडे धुळ्यातच देवपूरला असते. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल.

"साहेबले वाईट वाटी ना व बाई," आई म्हणाली. "तो तुनी किती काळजी करस. उन्हमा फिरीसन तुले काय भेटनार शे?"

म्हणजे काळजीची साथ देवपूरपर्यंत पोचली होती. पण महिना संपत आलाय आणि नंतर कागद कुणी घेणार नाही, हे सांगितल्यावर तिचा सूर एकदम बदलला. "मंग दे ना कागद! कोनी वाट देखी रायनी?"

कोणाची वाट पाहत होते मी? दुसऱ्या दिवशी निवेदन घेऊन गेले, तर साहेब गुरुवारपर्यंत बैठकीला बाहेरगावी. मुदत लगेच शुक्रवारी संपत होती, आणि नाना हसत हसत माझ्या टेबलाशी आले.

"ताई, शुक्रवारी दुपारून भरीत पार्टी ठरली. गिरणेच्या काठी साहेबांच्या ओळखीचं शेत आहे. तिथे मोकळ्या हवेत तुमचा विषय मिटवून टाकू. आणि भरीत तुमच्याच हातचं पाहिजे, साहेबांनी मुद्दाम सांगितलंय."

जळगावात हिवाळा म्हणजे भरीत. इथे सोयरिकी भरितावर जुळतात, निवडणुकीतली भांडणं भरितावर मिटतात, तर माझ्या एका निवेदनाची काय कथा. शुक्रवारी सकाळी मी आवकच्या टेबलाशी गेले. कागद घेऊन शिक्का मारणारे कारकून सकाळपासूनच वांगी आणायला बाजारात गेले होते, आणि शिक्का कुलूपबंद खणात होता.

"सोमवारी देऊ की," नाना म्हणाले. "दोन दिवसांनी काय होतं?"

मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी नजर वळवली. त्यांच्या टेबलावर लाल शाईचं पेन होतं.

निवेदन आणि त्याची दुसरी प्रत पिशवीत टाकली, वर हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेवला, आणि जीपमध्ये बसले. माझ्या मांडीवर वांग्यांची टोपली होती. रस्ता खरोखरच खराब होता, त्याबाबतीत साहेबांनी मला कधी फसवलं नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला टोपली उडायची आणि साहेब पुढून विचारायचे, "मॅडम, वांगी ठीक आहेत ना?"

शेत आलं आणि पलीकडे हाकेच्या अंतरावर एक बंधारा दिसला. मी त्याला बघताक्षणी ओळखलं. भिंत किती लांब, पाया किती खोल, गळती कुठे, सगळं मला पाठ होतं. त्याच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक मीच तर केलं होतं, दोनदा. कागदावर गळती डाव्या अंगाला मधोमध होती. इथून दिसत होतं की पाणी त्याच्या बरंच खालून झिरपतंय. पोरांनी मापं काठावर उभं राहून घेतली होती. माझ्या हातात उलथनं होतं आणि मला इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. धूर होता, म्हणून कुणाला कळलं नाही.

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, सोलली, लाकडी मुसळाने ठेचली, मिरची-लसणाची फोडणी दिली, वरून शेंगदाणे आणि कांद्याची पात. बाईमाणसाची सोय अर्थातच नव्हती, मी उभ्या ज्वारीच्या आड जाऊन आले. केळीच्या पानांवर पंगत बसली. भरीत-पुरीचे दोन घास पोटात गेल्यावर नानांनी छोटंसं भाषण केलं. मॅडमच्या मनात जी काही नाराजी होती ती आज वांग्यांबरोबर भाजून निघाली, असं ते म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले, भरीत खरोखर छान झालं होतं.

मग मी विचारलं, "साहेब, तो बंधारा दिसतोय ना? त्याच्या पाहणीला मला का नेलं नव्हतं?"

"अहो, रस्ता कसला आहे पाहिलात ना," साहेब पुरी मोडत म्हणाले. "आणि इथे बाईमाणसाची काही..."

एवढं बोलून ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, धुळीने माखलेल्या जीपकडे पाहिलं. बिचाऱ्यांचा हात पुरीसकट तसाच पानावर राहिला.

मी पिशवीतून निवेदन काढलं. "साहेब, हे आज घ्यावं लागेल. आज मुदत संपते."

"आत्ता? हात खरकटे आहेत, मॅडम."

मी तांब्या घेतला आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्यांनी हात पुसले, कागद मांडीवर घेतला, सगळा वाचला. वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या प्रतीवर त्यांनी 'मिळाले' लिहिलं, सही केली आणि प्रत माझ्याकडे देऊ लागले.

"साहेब, तारीख!" पंगतीच्या टोकाकडून नाना ओरडले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. महिनाभर माझा कागद अडवून धरणारे नाना अर्धवट उठले होते. "तारीख राहिली. बिनतारखेची पोच म्हणजे काहीच नाही. सहीच्या खाली घाला, आणि हुद्दापण लिहा." सबंध नोकरीत त्यांनी बिनतारखेची पोच कुणाला दिली नव्हती, तो कागद त्यांच्याच्याने बघवेना. बोलून झाल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते खाली बसून मुकाट्याने जेवू लागले. मी उठून त्यांच्या पानात आणखी भरीत वाढलं. त्या क्षणी मला ते फार आवडले.

साहेबांनी निवेदन वर पाठवलं. त्यावर विरोधात एक शब्द लिहिला नाही, हेही सांगितलं पाहिजे. उत्तर यायला मात्र पावसाळा उजाडला. मुदत आपल्यालाच असते, सरकारला नसते. तोवर त्या वर्षीची बढतीची यादी लागून गेली होती आणि केळी आणणाऱ्या मुलांपैकी एकजण माझा वरिष्ठ झाला होता. पण शेरा वगळला गेला, पुढच्या यादीत माझं नाव राहिलं, आणि उत्तर आलं त्याच आठवड्यात साहेबांनी पाहणीच्या आदेशावर माझं नाव घातलं. पहिला बंधारा तोच. पाण्यात उतरून मापं घेतली. गळती खालीच होती.

पुढच्या हिवाळ्यात त्याच शेतात पार्टी ठरली. मी कुठल्याशा चारीचं काम उरकून थेट तिकडे पोचले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. पाहते तो चुलीशी साहेब. घामाने निथळत, डोळे चोळत, वांगं जाळात कसं फिरवायचं ते कळत नसल्याने बोटं भाजून घेत. मी पुढे झाले तर म्हणाले, "तुम्ही बसा मॅडम. दमून आलात."

मी पंगतीत बसले. पानात भरीत पडलं. वरून करपलेलं, आतून कच्चं, मीठ नाहीच. साहेब हातात उलथनं धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"छान झालंय," मी म्हटलं, आणि आणखी मागून घेतलं. साहेबांना चुलीच्या कामाची आवड नाही, असं मी कशाच्या जोरावर म्हणणार होते? त्यांना चुलीशी कधी कुणी बसवलंच नव्हतं.