लंडनचा चंद्र, दुपारी तीनचा

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या नव्या सोसायटीत तेव्हा पाणी टँकरने यायचं, पण विमानं थेट डोक्यावरून जायची. त्यामुळे विमानप्रवासातलं आपल्याला कळतं, असा माझा समज झाला होता. स्वतः मी तोवर एकदाही विमानात बसलो नव्हतो.

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई एकटी लंडनला निघाली. मी मुलाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतर काढलं : सहा हजार सातशे किलोमीटर. त्याला विमानाच्या वेगाने भागलं, समोरचा वारा धरला, नऊ तास आले.

"तिकिटावर छापलंय की नऊ तास," बायको म्हणाली.

"पडताळा नको?"

प्रवासाच्या दिवशी नेमकी संकष्टी होती. आईला मधुमेह, तरी चंद्रोदयापर्यंत ती नुसत्या दुधावर राहायची. याहून जास्त ताणू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिने विचारलं, "तिकडे चंद्र कधी उगवतो रे?"

दिल्लीचा चंद्रोदय रात्री साडेआठचा. लंडन साडेपाच तास मागे. "दुपारी तीन," मी सांगून टाकलं.

"तीनला? भर उन्हात?"

"आई, हा हिशेब आहे."

सकाळी तिला विमानतळावर सोडून आलो. रात्री नऊला बहिणीचा फोन.

"दादा, आई तीनपासून खिडकीत उभी आहे. विमानातही काही खाल्लं नाही. हात थरथरतायत तिचे. चंद्र तीनला उगवतो म्हणून तू सांगितलंस?"

मी मनात हिशेब पुन्हा मांडला. दिल्लीत चंद्र उगवतो तेव्हा लंडनच्या घड्याळात तीन वाजलेले असतात, एवढंच मी काढलं होतं. लंडनच्या आकाशात तो यायचा तो तिथल्या रात्रीच. म्हणजे अजून तीन-चार तास. वारासुद्धा धरणाऱ्या माणसाने पृथ्वी फिरते हे तेवढं धरलं नव्हतं.

"तिला आधी जेवायला घाल."

"ऐकत नाहीये. तूच सांग."

बाल्कनीचं दार उघडं होतं. "आई, इथे उगवलाय चंद्र. उपास तू दिल्लीत धरलास, दिल्लीचाच चंद्र धर."

पलीकडून आईने विचारलं, "तुला दिसतोय, की तुझ्या हिशेबाला?"

"दिसतोय गं, खरंच."

"सूनबाईला दे."

बायकोने फोन घेतला, मान बाहेर काढून नीट बघितलं. "हो आई, समोरच्या गच्चीच्या वर आलाय. नैवेद्य मी इथून दाखवते. तुम्ही बसा जेवायला."

मग ती बराच वेळ नुसतीच "हो, हो" करत राहिली. चूक नेमकी कुठे झाली ते आईला समजावावं म्हणून मी हात पुढे केला.

"ठेवला त्यांनी," बायको म्हणाली. "भात कालवत होत्या."