कमानीवर नेणारा

ऑकलंडच्या पुलाच्या कमानीवर पाहुण्यांना घेऊन मी तीनदा चढलो. तिन्ही वेळा तोच माओरी गाइड होता. प्रत्येकाच्या सुरक्षा-पट्ट्याचा हूक तो दोनदा ओढून बघतो आणि ‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘एकदम झकास’, म्हणतो. तिकिटाच्या दरात घासाघीस केली की नुसता हसतो. त्याचा मला अजून राग आहे.

तिसऱ्या वेळी बायको आणि आई बरोबर होत्या. वर सुटं काही नेता येत नाही, म्हणून त्याने मंगळसूत्र काढायला सांगितलं.

“राहू दे, मी खालीच बसते रे,” आई म्हणाली.

मी भडकलो. त्याने शांतपणे कॉलर बाजूला करून छातीवर चिकटपट्टीने बसवलेला हिरवा दगड दाखवला. “आजीचा आहे. मीही काढत नाही.” मग चिकटपट्टीचं रीळ माझ्या बायकोच्या हातात देऊन तो पाठ फिरवून उभा राहिला.

वर वारा सुटला, तेव्हा आईने हात धरला तो त्याचा.