नाकातला हद्दीचा दगड

त्या दिवशी लवळ्याच्या दवाखान्यात माझं डोकंच फिरलं. ताम्हिणीकडून आलेल्या एका मेंढपाळ आजोबांचं नाक ऑपरेशननंतर पुन्हा बंद झालं होतं. जुने कागद मागितले, तर ते पावसात भिजून त्यांचा लगदा झालेला. नाकात दुर्बीण घातली आणि पाहते तर मधलं टर्बिनेट, म्हणजे हाडाची ती वळलेली घडी, मुळापासून गायब. सायनसच्या ऑपरेशनमध्ये आम्ही त्याच खुणेच्या आधारानं पुढे सरकतो. ती नसली की वरचा मेंदू आणि बाजूचा डोळा नेमका कुठून सुरू होतो, ते कळत नाही.

"कुठल्या गाढवानं केलंय हे?" मी नर्ससमोरच ओरडले. "बांधावरचा दगडच उपटून टाकलाय! आता मी हद्द कशी ओळखू?"

दुर्बीण बाहेर काढल्यावर आजोबांनी उपरण्यानं नाक पुसलं.

"हितंच झालं व्हतं. लई वर्षं झाली."

"डॉक्टरचं नाव सांगा." मी तावातावानं पेन उचललं.

"नाव न्हाई ठाऊक, बाई," ते खाली बघत म्हणाले. "पर तवा तुमाला चष्मा नव्हता."